जुन्या गाडीतला नमदा, पुठ्ठा आणि पांढरी दोरी

जांबोटीजवळच्या एका गावातून विचारणा झाली आहे. वडिलांची १९६८ ची मार्क टू ॲम्बेसेडर अठरा वर्षं गोठ्याशेजारच्या शेडमध्ये उभी होती. ती पुन्हा रस्त्यावर आणायची म्हणून भाच्यानं आतलं कार्पेट उचकटलं. खाली करडा, कुजका नमदा (दाबून केलेला जाड, केसाळ थर) निघाला आणि त्याच्याखाली डांबरासारखे काळे तक्ते. सायलेन्सरच्या पुढच्या पाइपला पांढुरकी दोरी गुंडाळलेली होती आणि फ्लोअरखाली एका पत्र्याआड पुठ्ठ्यासारखं काहीतरी बसवलेलं होतं. भाच्यानं ग्राइंडरला वायर ब्रश लावून अर्धा तास काळे तक्ते खरवडले. तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, हे ॲस्बेस्टॉस (उष्णता सोसणारं, तंतूंचं खनिज) असेल, आणि काम थांबलं. आता प्रश्न असे, की हे नक्की काय आहे, हात लावायचा की नाही, आणि भाच्याला दवाखान्यात न्यायचं का?

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण घरच्यांची झोप त्यानंच उडवली असणार. आज एक्स-रे काढून काहीही दिसणार नाही. ॲस्बेस्टॉसमुळे फुप्फुस आखडतं, फुप्फुसाचा कर्करोग होतो, फुप्फुसाच्या आवरणाचा मेसोथेलिओमा नावाचा कर्करोग होतो. हे आजार बहुधा वीस, तीस, चाळीस वर्षांनी डोकं वर काढतात. सुप्रीम कोर्टानं १९९५ मध्ये ॲस्बेस्टॉस कामगारांच्या खटल्यात निकाल दिला, तेव्हा कामगाराच्या तब्येतीची नोंद नोकरी लागल्यापासून किमान चाळीस वर्षं जपायला सांगितलं, ते याचमुळे. पण धोका हा आयुष्यभरात एकूण किती धूळ आत गेली त्यावर ठरतो, आणि अर्ध्या तासाची धूळ तीस वर्षांच्या नोकरीएवढी नसते. शून्य धोका म्हणत नाही, पण भाच्याला घेऊन दवाखान्याच्या खेपा घालायची गरज नाही. पोरगा बिडी-सिगारेट ओढत असेल तर ती सोडायला लावा. अमेरिकेतल्या इन्सुलेशन कामगारांच्या १९७९ मध्ये छापलेल्या अभ्यासात नुसत्या ॲस्बेस्टॉसनं फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका सुमारे पाचपट, नुसत्या सिगारेटनं दहापट आणि दोन्ही एकत्र असताना पन्नासपटीच्या आसपास निघाला होता. इथं बेरीज होत नाही, गुणाकार होतो. निपाणी आपल्या शेजारी, बिडीचं कौतुक आपल्याकडं जास्तच, म्हणून मुद्दाम सांगितलं.

आता गाडीकडं येऊ. बेळगावात उद्यमबागेच्या मागं मी तीसेक वर्षं जुन्या गाड्या खोलतोय. शिकाऊ होतो तेव्हा ब्रेक ड्रम काढला की पहिलं काम म्हणजे कॉम्प्रेसरची नळी घेऊन आत हवा मारणं. ड्रमातून करडा ढग उठायचा आणि आम्ही तोंड फिरवून हसायचो. मेस्त्री ओरडायचे, "काय करालायस रे, डोळ्यात जाईल की!" डोळ्यात जाईल एवढीच काळजी होती. नाकात काय जातंय ते त्यांनाही कुणी सांगितलेलं नव्हतं. संध्याकाळी तेच कपडे घरी जायचे आणि आई ते दगडावर आपटून धुवायची.

गेल्या दहा-पंधरा वर्षांत भीती आली, पण चुकीच्या जागी आली. लोक गाडीतल्या मऊ, तंतूतंतू दिसणाऱ्या नमद्याला घाबरतात आणि त्याच दिवशी ब्रेकला हवा मारून मोकळे होतात. खरं बऱ्याच वेळा उलटं असतं. मऊ, केसाळ वस्तू निरुपद्रवी निघते आणि ॲस्बेस्टॉस असतं ते कडक, सभ्य दिसणाऱ्या वस्तूत. ब्रेकचं लायनर (ड्रमला घासणारा थर), क्लच प्लेट, तांब्याचा पत्रा चढवलेलं हेड गॅस्केट (इंजिनाच्या जोडातली गळती थांबवणारी चकती), मॅनिफोल्डचं (इंजिनातला धूर पाइपकडं नेणाऱ्या भागाचं) गॅस्केट, सायलेन्सरजवळचा पुठ्ठा ही त्याची नेहमीची घरं. जुन्या लायनरमध्ये तर वजनाचा निम्मा भाग पांढरं ॲस्बेस्टॉस, म्हणजे त्याचा सगळ्यांत जास्त वापरला जाणारा प्रकार, असायचं.

हे पदार्थ नुसते पडून राहिले तर काही करत नाहीत, त्रास धुळीचा आहे. घायपाताचं पान ठेचलं की वाख सुटतो, वाख चोळला की आणखी बारीक धागे सुटतात. ॲस्बेस्टॉसचा दगड तसाच उभा चिरत जातो. शेवटचा धागा इतका बारीक होतो की डोळ्यांना दिसत नाही, हवेत तासन् तास तरंगतो आणि फुप्फुसात गेला की विरघळत नाही. ग्लासवूलचा तंतू आडवा मोडतो, जाड असतो आणि शरीरात हळूहळू विरघळतो. म्हणून ग्लासवूल अंगाला खाजवतं पण ॲस्बेस्टॉसच्या पंक्तीत बसत नाही. गंमत अशी, की जे खाजवतं त्याला आपण घाबरतो आणि ॲस्बेस्टॉस खाजवतसुद्धा नाही.

गाडी कुठल्या कंपनीची, कुठल्या सालाची, यावरून आत काय आहे ते सांगा असं लोक म्हणतात. थोडंफार सांगता येतं. विलीज जीपमध्ये मऊ इन्सुलेशन जवळपास नसतंच, नुसता पत्रा. तिथं ब्रेक, क्लच आणि गॅस्केट बघायची. ॲम्बेसेडर आणि फिएट-पद्मिनीत डांबरी तक्ते आणि नमदा. चाळीस-पन्नासच्या दशकातल्या मोठ्या अमेरिकन गाड्यांत इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यावर ताग आणि पुठ्ठ्याची जाड गादी. गोव्यात १९६१ च्या आधी पोर्तुगीज अमलात युरोपातल्या गाड्या भरपूर यायच्या आणि त्यातल्या काही पुढं घाट चढून आपल्याकडं आल्या. त्यांच्यात सायलेन्सरच्या वरच्या बाजूला पुठ्ठ्याचा पडदा मला दोन-तीनदा सापडलाय. पण साठ वर्षांत गाडीत किती हात फिरले ते कंपनीच्या पुस्तकात नसतं.

आणि बेळगावच्या गाड्यांची तर वेगळीच गोष्ट आहे. इथं उद्यमबाग, मच्छे भागात फाउंड्र्या, म्हणजे धातू ओतायचे कारखाने. भट्टीच्या दाराला दोरी लागते, पुठ्ठा लागतो, ब्लँकेट लागतं. फाउंड्रीतला मित्र उरलेला तुकडा आणून द्यायचा, "घे की, ड्रायव्हरच्या पायाला लई गरम होतंय म्हणालास न्हवं?" तो तुकडा कार्पेटखाली, गिअर बॉक्सच्या बोगद्यावर, सायलेन्सरला गुंडाळून असा कुठंही बसायचा. कंपनीनं कधी न घातलेलं ॲस्बेस्टॉस मी या भागातल्या गाड्यांतून काढलंय. तुमच्या पाइपवरची दोरी बहुतेक त्यातलीच. कारखान्यातून निघताना ॲम्बेसेडरच्या पाइपला अशी दोरी गुंडाळलेली मी पाहिलेली नाही.

डोळ्यांनी बघून मी माझा अंदाज कसा बांधतो ते सांगतो. पण अंदाज म्हणजे निकाल नव्हे, एवढं धरून वाचा.

करड्या नमद्यात लाल, निळे, हिरवे धाग्यांचे तुकडे दिसले तर तो जुन्या कपड्यांच्या चिंध्या पिंजून केलेला नमदा. असं कापड ॲस्बेस्टॉस नसतं. तपकिरी, ओला झाल्यावर गोणपाटासारखा वास येणारा तो ताग. सीटमधला सोनेरी, ताठ, केसासारखा तो काथ्या, कधीकधी रबर मारलेला. पिवळं किंवा गुलाबी, उन्हात चमकणारं, हाताला टोचणारं ते ग्लासवूल. चिमटीत धरल्यावर पीठ होणारा तपकिरी फोम म्हणजे म्हातारा झालेला पॉलियुरेथेन. काळा, जड, थंडीत कडक आणि उन्हात वाकणारा तक्ता म्हणजे आवाज मारणारा डांबरी पॅड. हा मात्र फसवा आहे. बहुतेकांत चुना किंवा दगडाची भुकटी भरलेली असते, पण त्या काळातल्या काही पॅडमध्ये आणि फ्लोअरखाली फवारायच्या डांबरी लेपात ॲस्बेस्टॉसचे तंतू मिसळलेले असायचे. डांबरात ते दिसत नाहीत.

पांढुरका किंवा करडा पुठ्ठा, तीन ते सहा मिलिमीटर जाड, कडेला पापुद्रे सुटलेले, नखानं दाबला की खळगा पडतो पण जळल्याची खूण कुठंच नाही, आणि तो सायलेन्सर किंवा मॅनिफोल्डजवळ आहे. असा असेल तर तो ॲस्बेस्टॉस आहे असं धरूनच चाला. वेणीसारखी विणलेली, मळकट पांढरी, टोकाला पिंजारलेली दोरी किंवा पट्टी गरम पाइपवर असेल तर तिलाही तेच लागू.

काडी लावून बघायची एक पद्धत गॅरेजात चालते. जळलं तर ताग, वितळून मणी झाला तर काच, काहीच झालं नाही तर ॲस्बेस्टॉस. करू नका. जळलं म्हणजे त्यात ॲस्बेस्टॉस नाहीच असं ठरत नाही, कारण पुठ्ठ्यात आणि नमद्यात भेसळ असते. जळलं नाही तर तो फाउंड्रीतला सिरॅमिक ब्लँकेटचा तुकडाही असू शकतो. हे सिरॅमिक ब्लँकेट कापसासारखं शुभ्र असतं आणि हल्ली 'ॲस्बेस्टॉसपेक्षा सेफ' म्हणून हाती दिलं जातं. तेही निष्पाप नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं त्याला 'कर्करोगकारक असण्याची शक्यता' या गटात ठेवलंय, आणि फार तापल्यावर ते ठिसूळ होऊन त्यात सिलिकाचे घातक स्फटिक तयार होतात. त्याला हात लावतानाही ॲस्बेस्टॉसचेच नियम पाळा.

खात्री फक्त प्रयोगशाळेत होते. पोलराइज्ड लाइट मायक्रोस्कोपखाली तंतू बघतात. पुणे, मुंबई, बंगळूरकडच्या एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं मंडळ) मान्यतेच्या प्रयोगशाळांना फोन करून 'ॲस्बेस्टॉस बल्क सँपल' तपासता का, एवढंच विचारा. नमुना रुपयाच्या नाण्याएवढा पुरतो. ज्या जागी कापणार तिथं पाणी मारा, धारदार चाकूनं एकदाच कापा, ओलाच झिपच्या पिशवीत घाला, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत. उघडी पडलेली कड रंगानं किंवा टेपनं बंद करा. डांबरी पॅडचा नमुना असेल तर तसं कळवा, कारण त्यांना आधी डांबर विरघळवून काढावं लागतं. कुरिअरवाल्याला पाकिटात काय आहे ते सांगा, लपवू नका.

तुमच्या गाडीसाठी मी दोन नमुने पाठवले असते, एक डांबरी पॅडचा आणि एक पुठ्ठ्याचा. दोरीवर पैसे घालवू नका, ती काढायचीच आहे. नमद्यात रंगीत धागे दिसत असतील तर तोही तपासायची गरज नाही.

तपासणी होईपर्यंत गाडीतली धूळ तशीच आहे, ती आधी आवरायला हवी. झाडू नको, घरचा व्हॅक्यूम क्लीनर नको आणि कॉम्प्रेसर तर मुळीच नको. घरचा व्हॅक्यूम मोठी धूळ पोटात ठेवतो आणि बारीक तंतू मागून खोलीभर फवारतो. एका फवारणीच्या बाटलीत पाणी आणि भांड्याच्या साबणाचे चार-पाच थेंब घ्या. साबण का, तर नुसतं पाणी तंतूंवरून घरंगळतं, साबणानं ते आत मुरतं. बाटली बारीक फवाऱ्यावर ठेवा, जोराची धार नको. सगळं ओलसर करा, पंधरा मिनिटं थांबा, मग ओल्या चिंधीनं एकाच दिशेनं पुसा, घडी घाला, दुसऱ्या बाजूनं पुसा आणि चिंधी पिशवीत टाका. तीच चिंधी बादलीत पिळून परत वापरली तर धूळ फक्त बादलीत गेली आणि वाळल्यावर पुन्हा उडणार. कॉटन वेस्ट (गिरणीतले टाकाऊ सुती धागे) वापरायला हरकत नाही, ते स्वस्त आहे. भाच्याचे त्या दिवशीचे कपडे धुतले नसतील तर ओले करून पिशवीत भरा आणि टाकून द्या. ग्राइंडर ओल्या कपड्यानं पुसा आणि तो वायर ब्रशही त्याच पिशवीत जाऊ द्या.

मास्कबद्दल थोडं थांबून सांगतो, कारण इथंच लोक स्वतःला फसवतात. तोंडाला रुमाल म्हणजे काहीच नाही. कोविडच्या वेळचा एन-९५ घरात शिल्लक असतो, पण या कामाला वरच्या दर्जाचा हवा. आपल्या आयएस ९४७३ मानकात एफएफपी-३ असा वर्ग आहे, तो किमान ९९ टक्के कण अडवतो. त्याहून बरा म्हणजे रबरी अर्धा मास्क आणि त्याला पी-१०० किंवा पी-३ चे गोल फिल्टर. कुठलाही घ्या, दाढी असेल तर तो उपयोगाचा नाही, कडेनं हवा आत येते. माझ्याकडचा एक पोरगा दाढी काढायला तयार नव्हता, त्याला मी असल्या कामाला लावलंच नाही. मास्क सगळ्यांत शेवटी उतरवायचा, कपडे काढून झाल्यावर. हा क्रम उलटा झाला की दिवसभराची काळजी त्या एका मिनिटात वाया जाते.

आता दोरी. इंजिन पूर्ण थंड हवं. गाडी शेडमध्ये असेल तर वारा नसलेला दिवस बघा आणि खाली जाड प्लास्टिकचा कागद अंथरा. खिडक्या, बॉनेट बंद ठेवा. जनावरं आणि पोरं लांब. दोरीवर साबणाचं पाणी मारा, थांबा, पुन्हा मारा, आतपर्यंत भिजली पाहिजे. वाळलेली दोरी पाणी चटकन घेत नाही, घाई करू नका, मी तिला अर्धा तास देतो. तार बांधलेली असेल तर पक्कडीनं तार तोडा. दोरी कापू नका, टोक शोधून उलटी उलगडा आणि उलगडत जाल तशी सरळ पिशवीत सोडत जा. कुठं चिकटली असेल तर लाकडी किंवा प्लास्टिकच्या पट्टीनं हळूच उचला. पाइपवर शेवटी जो पांढरा थर राहतो तो खरवडायचा मोह होतो. ओल्या चिंधीनं जेवढा निघेल तेवढा काढा. पाइप कुजलेला असेल तर सरळ अख्खा पाइप दोरीसकट उतरवून प्लास्टिकमध्ये गुंडाळा. ॲम्बेसेडरचा पुढचा पाइप नवा करून घेणं काही मोठं काम नाही, आणि खरं सांगायचं तर मी हाच रस्ता धरतो.

पुठ्ठा पत्र्याआड असेल, शाबूत असेल, कडा सुटलेल्या नसतील, तर आधी स्वतःला विचारा की तो काढायलाच हवा का. कडांना उष्णता सोसणारा ॲल्युमिनियमचा टेप मारून, वर खूण करून ठेवला तर तो आणखी वीस वर्षं कुणाला त्रास देणार नाही. पावसात भिजून भुसभुशीत झालेला असेल तर मात्र काढा. बोल्ट आधी तेलानं सोडवून घ्या, पुठ्ठा भिजवा आणि पत्र्यासकट एका तुकड्यात खाली घ्या. तोडून बारीक करून पिशवीत बसवायचा नाही, पिशवी मोठी घ्यायची.

डांबरी पॅडचं म्हणाल तर माझं मत अनेकांना पटत नाही. फ्लोअरचा पत्रा चांगला असेल आणि पॅड घट्ट चिकटलेला असेल तर तो जिथं आहे तिथं राहू द्या. 'सगळं पत्र्यापर्यंत साफ' हे यूट्यूबवरच्या गाड्यांना शोभतं. पॅड काढायचाच असेल आणि तपासणीत ॲस्बेस्टॉस नसल्याचं आलं, तर हीट गननं कोमट करून रुंद स्क्रॅपरनं चादरीसारखा उचलता येतो. धूर निघू लागला म्हणजे जास्त तापवताय. ड्राय आइस टाकून हातोडीनं टिचवायची पद्धतही चांगली चालते. पण ॲस्बेस्टॉस असेल तर टिचवायचं नाही, कारण टिचवणं म्हणजेच धूळ करणं. मग ज्या ठिकाणी पत्रा सडलाय तेवढ्याच भागातला पॅड कोमट करून, ओल्या कपड्याबरोबर उचला आणि बाकी सोडा.

कणकुंबी-जांबोटीकडचा पाऊस मी तुम्हाला सांगायला नको. तुमच्या गाडीचा फ्लोअर नमद्यानं सडवला असणार, पॅडनं नाही. नमदा पाणी धरून ठेवतो आणि पॅडच्या कडेला गंज सुरू होतो. तो नमदा काढताना उंदरांचा विचार करा. अठरा वर्षं बंद गाडी म्हणजे उंदरांचं घर, आणि त्यांच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस होतो. रबरी हातमोजे घाला, हाताला जखम असेल तर त्या दिवशी हात लावू नका. कोरडा नमदा झटकायचा नाही, तोही भिजवूनच काढायचा. त्यासाठी ॲस्बेस्टॉसच असायला हवं असं नाही.

आगीची एक गोष्ट इथंच सांगतो, कारण जुन्या गाड्यांत माणसं ॲस्बेस्टॉसपेक्षा आगीनं लवकर भाजतात. एका पद्मिनीच्या फ्लोअरला आम्ही खालून पॅच वेल्ड केला. आतला नमदा पायापाशी काढला होता, पण सीटखाली थोडा राहिला. वेल्डिंग झालं, चहा झाला, शटर ओढलं. रात्री नऊला शेजारच्या टपरीवाल्यानं फोन केला, "अण्णा, धूर येतोय हो." नमदा तीन तास आतल्या आत धुमसत होता. सीट गेली, वायरिंग गेलं, गाडी वाचली. तेव्हापासून वेल्डिंगच्या दोन फूट परिघातलं सगळं बाहेर, आणि काम झाल्यावर तासभर माणूस तिथंच. फोम जळला तर त्यातून हायड्रोजन सायनाइडसारखे वायू निघतात, म्हणून पेटलेली सीट विझवायला आत वाकू नका, ओढून बाहेर काढा. जुन्या वायरींवरचं सुती वेष्टण आणि तडकलेलं रबर हेही त्याच रांगेतलं. ते हातात मोडत असेल तर अख्खा हार्नेस (वायरींचा जुडगा) बदलायचा, टेप मारून भागत नाही. शेंदरी रंगाचा जुना प्रायमर दिसला तर त्यात शिसं असू शकतं, तो कोरडा घासायचा नाही.

ब्रेकचं काम तुम्हाला करायचंच आहे, अठरा वर्षांत सिलिंडर जाम झाले असणार. ब्रेक मारताना लायनरच्या पृष्ठभागावर उष्णतेनं बरंचसं ॲस्बेस्टॉस बदलून फोर्स्टेराइट नावाचं निरुपद्रवी खनिज होतं, त्यामुळं ड्रममधली सगळी धूळ ॲस्बेस्टॉस नसते. पण थोडं शिल्लक असतंच, आणि जास्त धोका नवं लायनर घासताना असतो. आपल्याकडं पांढऱ्या ॲस्बेस्टॉसवर सरसकट बंदी नाही. ब्रिटननं निळं आणि तपकिरी १९८५ मध्ये आणि पांढरं १९९९ मध्ये बंद केलं. ऑस्ट्रेलियात तर २००३ च्या अखेरीपासून ॲस्बेस्टॉस असलेली कुठलीच वस्तू आत नेता येत नाही, आणि तिकडं नेलेल्या जुन्या गाड्या गॅस्केट तपासण्यासाठी बंदरात अडकतात. इथं दुकानात मागितलं तर लायनर कसलं आहे ते दुकानदारालाही ठाऊक नसतं. पाकिटावर 'नॉन-ॲस्बेस्टॉस' छापलेलं बघूनच घ्या. जुन्या ब्रेक शूवर (ज्यावर लायनर बसतं तो पत्रा) रिबिट मारून, मग ड्रमच्या मापानं घासून देणाऱ्या ठिकाणी शू देऊ नका. तयार लायनर चिकटवलेले शू मिळतात ते बसवा. ड्रम काढायच्या आधी खाली ट्रे ठेवा, फटीतून साबणाचं पाणी सोडा, ड्रम काढल्यावर ब्रशनं ओलं धुवा. तो गाळ वाळू देऊ नका, चिंध्यांत टिपून घ्या.

हे सगळं टाकायचं कुठं, हा आपल्याकडचा सगळ्यांत अवघड भाग. २०१६ च्या धोकादायक कचरा नियमांत टाकून दिलेलं ॲस्बेस्टॉस धोकादायक धरलंय. पण घरगुती दोन पिशव्या घ्यायला नगरपालिकेची गाडी येत नाही. मी असं करतो: दीडशे मायक्रॉनची जाड प्लास्टिक पिशवी, माल ओला असतानाच आत, तोंडाला पीळ देऊन टेप, मग ती दुसऱ्या पिशवीत. त्यावर मोठ्या अक्षरात 'ॲस्बेस्टॉस, उघडू नये', आणि कन्नडमध्येही. कन्नडमध्ये धोक्याला 'अपाय' म्हणतात, डीपीच्या पेटीवर लिहिलेलं असतं तेच. हा शब्द दोन्हीकडच्या माणसाला कळतो, म्हणून मी तो देवनागरीत आणि कन्नडमध्ये लिहितो. पिशव्या झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात, कुलपात. मग प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या बेळगावच्या कार्यालयात विचारा, किंवा ज्यांचा धोकादायक कचरा परवान्यानं उचलला जातो अशा ओळखीच्या कारखान्याला विचारा. माझे दोन डबे दीड वर्ष शेल्फवर होते, तोवर त्यांनी कुणाला काही केलं नाही. भंगारवाल्याला द्यायचं नाही, तो तोडणार. शेतात पुरायचं नाही, पुढच्या नांगरटीला वर येईल. आणि शेकोटीत टाकू नका, ते जळत नाही.

एक विचारायचं राहिलं. तुमच्या त्या शेडवर पत्रा कसला आहे? नाळीदार, करडा, सिमेंटचा जुना असेल तर त्यातही ॲस्बेस्टॉस असणार. सिमेंटमध्ये ते घट्ट बांधलेलं असतं, म्हणून छप्पर उतरवायची घाई नको. पण त्याला भोकं पाडू नका, शेवाळ ब्रशनं घासू नका, आणि खाली गाडी रंगवताना वरून पडलेली भुकटी झाडूनं झाडू नका.

नवं काय घालायचं तर फ्लोअरला ब्यूटाइल-ॲल्युमिनियमची चिकट शीट, वर पाणी न शोषणारा बंद पेशींचा फोम, आणि जुनं रूप हवं असेल तर सगळ्यांत वर तागाचा नमदा, तोही उचलून वाळवता येईल असा, चिकटवलेला नाही. पाइपला ग्लास फायबरची पट्टी गुंडाळायचा सल्ला देणारे भेटतील. आपल्या पावसात ती पाणी धरते आणि पाइप खाते. त्यापेक्षा पाइप आणि फ्लोअर यांच्यामध्ये बोटभर हवा सोडून ॲल्युमिनियमचा पत्रा अडकवा, ड्रायव्हरच्या पायाला तेवढं पुरतं.

पाइपच उतरवणार असाल तर दोरी काढायच्या चार दिवस आधीपासून मॅनिफोल्डच्या नटांवर रोज सकाळी गंज सोडवणारं तेल सोडत राहा. ते नट तुटले की हेडवर चिकटलेलं गॅस्केट खरवडायची वेळ येते, आणि त्या गाडीत मला सगळ्यांत जास्त भीती त्याच कामाची आहे.